कॅकिनेशन : आईचं हसू ॲपने 'गोंगाट' समजून कापलं, त्याची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना जे 'अं… म्हणजे… तर' होतं ते काढलंय. हसू मात्र ठेवलंय. का ठेवलंय, ते पुढे कळेलच.)

कानात इअरफोन, हातात फोन, आणि मागून कुणीतरी 'अगं, भाकरी कर' म्हणून ओरडतंय, अशा अवस्थेत ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत.

आजचा शब्द जरा अवघड आहे, पण त्याची गोष्ट घरातली आहे. म्हणून आधी गोष्ट.

मागच्या महिन्यात मी आईला माइकसमोर बसवलं. विषय साधा होता, आपल्या घरात पहिला मोबाइल कधी आला? आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यातलं, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातलं. आई सांगायला लागली, की फोन आला तेव्हा तो देवाच्या फळीवर ठेवायचे, वरून रुमाल झाकून. आणि वाजला की आबाजी आधी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घालायचे, मग फोन उचलायचे. "मोठ्या मानसासंग बोलाचं हाय नं! उघड्या डोक्यानं कसं बोलतीन?" एवढं म्हणाली आणि आईला जे हसू फुटलं, ते पुढची पाऊण मिनिट थांबलंच नाही. मधे श्वास घ्यायला एक लांब 'हीऽऽक' असा आवाज, मग पुन्हा हसू. डोळ्यांत पाणी. पदर तोंडात. मला एवढंच ऐकू येत होतं, "टोपी… टोपी…"

रात्री एडिटिंगला बसले. फोनमधल्या ॲपला सांगितलं, मागचा गोंगाट काढ. पंखा गेला, बकरीचा आवाज गेला, आणि आईचं हसूही गेलं. त्या जागी नुसती शांतता, मधेच एक तुटकी 'टोपी'. आपोआप शब्द लिहून देणाऱ्या दुसऱ्या ॲपने तर कंसात लिहून दिलं, 'अस्पष्ट आवाज'.

मी मूळ रेकॉर्डिंग शोधून हसू परत जोडलं. सकाळी आईला ऐकवलं. तर आई म्हणते, "पोरी, थे हासनं काढून टाक. लोकं काय म्हनतीन, केवढ्यानं हासते ही बाई."

म्हणजे बघा. मशीनही तेच म्हणतंय आणि माणूसही तेच म्हणतंय, हे मोठ्यानं हसणं काढून टाक. मला झोप लागली नाही. मी शोधत बसले, या हसण्याला नाव काय? आणि मग सापडला आजचा शब्द.

शब्द कसा म्हणायचा?

कॅकिनेशन. नीट ऐका, कॅ-कि-ने-शन. जोर 'ने'वर. इंग्रजीत याचं स्पेलिंग करताना सी-ए-सी-एच असं सुरू होतं, म्हणून पहिल्यांदा वाचणारा हमखास 'कॅचिनेशन' म्हणतो. तिथला सी-एच 'क' आहे, 'केमिस्ट्री'मधल्यासारखा.

अर्थ : खूप मोठ्यानं, आवरता न येणारं हसणं. स्मितहास्य नाही, कौतुकाचं 'हं हं' नाही. सुटलेलं, बांध फुटलेलं हसू. इंग्रजीत हा शब्द १६२०च्या दशकापासून आहे, पण रोजच्या बोलण्यात तुम्हाला तो सापडणार नाही. इंग्रजी पिक्चर पाहणाऱ्या मित्राला विचारा, त्यालाही माहीत नसेल. पुस्तकी शब्द आहे, थोडासा नाक वर करून बोलला जाणारा.

तो आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'कॅकिन्नारे' म्हणजे मोठ्यानं हसणं. प्राचीन ग्रीकमध्ये जवळपास तसाच 'कखाझो'. आणि आता गंमत ऐका. संस्कृतच्या धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंची जी जुनी यादी आहे तिच्यात, एक धातू आहे 'कख्'. अर्थ? हसणे!

आता आपल्या मराठीकडे या. आपण कसं हसतो? खोखो हसतो. खदखदून हसतो. खळखळून हसतो. खुदकन हसतो. खिदळतो. सगळीकडे 'ख'. मग हे सगळे शब्द एकाच आजीची नातवंडं आहेत का? तसं मानायची गरज नाही. हसताना घशातून हवा झटक्यानं बाहेर पडते आणि कानाला ती 'क', 'ख' किंवा 'ह' अशी ऐकू येते. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत त्या आवाजाची नक्कल केली. पावसाला 'रिमझिम' आणि कुकरला 'फुस्स' म्हणतो, तसंच.

आणि ही नक्कल अजून चालू आहे, तुमच्या फोनमध्ये. ब्राझीलमधली पोरं चॅटवर हसताना इंग्रजी 'के' अक्षर ओळीनं दाबतात, केकेकेकेके. कोरियातली पोरं त्यांच्या लिपीतलं 'ख'च्या जवळचं अक्षर दाबतात, खखखख. थायलंडमध्ये तर ५५५ लिहितात, कारण थाई भाषेत पाचाला 'हा' म्हणतात. पाच-पाच-पाच म्हणजे हा-हा-हा! आणि २०१५ साली ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी 'वर्षाचा शब्द' म्हणून शब्दच निवडला नव्हता, निवडला होता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा इमोजी. म्हणजे कॅकिनेशनचंच चित्र.

मराठीत हसण्याची शिडी

आपल्याकडे हसण्याच्या किती पायऱ्या आहेत बघा. गालातल्या गालात हसणं. खुदकन हसणं. फिस्सकन हसणं, म्हणजे दाबलेलं हसू नाकातून सुटतं तेव्हाचं. फिदीफिदी हसणं. खिदळणं. खळखळून, खदखदून, खोखो. मग गडगडाटी हास्य, सातमजली हास्य. आणि शेवटी शरीरच हात टेकतं ते शब्द, पोट धरून हसणं, हसता हसता पुरेवाट होणं, मुरकुंडी वळणं.

पण या शब्दांना कान लावून ऐका. 'सातमजली हास्य' म्हटल्यावर डोळ्यासमोर कोण येतं? भरदार मिशीचा, मांडीवर थाप मारणारा कुणी पाटील. आणि 'फिदीफिदी', 'खिदळणं' म्हटल्यावर? पोरी. तेही कुणीतरी रागावतंय असं. "काय खिदळून राहिल्या गं?" आवाज तितकाच, हसू तेच, पण माणूस बदलला की शब्द बदलतो. एक शब्द शाबासकीचा, एक दटावणीचा.

अजून एक शब्द, अट्टहास. संस्कृतात 'अट्ट' म्हणजे उंच, मोठा आणि 'हास' म्हणजे हसणं. अट्टहास म्हणजे सरळ सरळ कॅकिनेशन. पण मराठीत आज तुम्ही 'अट्टाहास' कशाला म्हणता? हट्टाला. 'पोरानं बाइकचा अट्टाहास धरला.' हसणं गेलं, हट्ट राहिला. मला वाटतं, मोठ्यानं हसणाऱ्या माणसाकडे बघताना आपल्याला आजही तेच वाटतं, हा ऐकत नाही कुणाचं.

दोन हजार वर्षांपूर्वीची 'व्हॉल्यूम सेटिंग'

भरतमुनींचं नाट्यशास्त्र हा नाटकावरचा आपला सगळ्यात जुना मोठा ग्रंथ. त्याच्या सहाव्या अध्यायात हास्यरस आहे आणि तिथं हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत, गाल थोडे फुलतात. आणि सहावं जे अतिहसित, त्यात डोळ्यांत पाणी, आवाज चढलेला आणि दोन्ही हातांनी कुशी धरलेल्या. मी हे वाचलं आणि मला थेट आईच दिसली, फक्त पदराचा उल्लेख तेवढा राहिला त्यात!

पण पुढचं ऐका. हे सहा प्रकार तिथं माणसांना वाटून दिलेत. पहिले दोन उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यम पात्रांना, शेवटचे दोन अधम पात्रांना. म्हणजे राजा स्मित करणार आणि नोकर पोट धरून हसणार. आणि हा रस जास्त करून स्त्रिया आणि 'नीच प्रकृतीच्या' पात्रांत दिसतो, असंही तिथं सांगितलंय. रंगमंचासाठीची सूचना होती ती, कुणी कसा अभिनय करायचा याची. पण समाजात मोठ्यानं हसण्याला कुठली जागा होती, हे त्यातून कळतंच.

आणि हे फक्त आपलं नाही हं. १७४८ साली इंग्लंडमधले लॉर्ड चेस्टरफील्ड आपल्या मुलाला पत्रात बजावत होते, की लोकांनी तुला हसताना पाहावं पण ऐकू नये, मोठ्यानं हसणं हे अडाण्यांचं लक्षण. मला कळायला लागल्यापासून कुणी मला हसताना ऐकलेलं नाही, असं ते अभिमानानं लिहितात. बिचारे!

एवढं जुनं कशाला, २०१४च्या जुलैमध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे उपपंतप्रधान बुलेंत अरिंच भाषणात म्हणाले, बाईनं चारचौघांत मोठ्यानं हसू नये. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या हजारो बायकांनी काय केलं? आपले खदखदून हसतानाचे फोटो टाकले. भांडण नाही, शिवी नाही. उत्तर म्हणून नुसतं हसू.

जळगाव जामोदचे वकीलसाहेब

आता हे सगळं मी कुठे बसून बोलतेय? जळगाव जामोद तालुक्यात. खान्देशातलं जळगाव वेगळं, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, म्हणून 'जामोद' जोडायचं. आणि या गावाचं मराठी हसण्याशी असलेलं नातं आमच्याच भागातल्या कितीतरी पोरांना माहीत नाही. मलाही नव्हतं.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१, मृत्यू १९३४. 'बहु असोत सुंदर' हे महाराष्ट्रगीत ज्यांचं, तेच. ते पेशानं वकील होते आणि त्यांनी वकिली केली अकोला, खामगाव आणि आपल्या जळगाव जामोदला. त्यांनी नाटकं लिहिली, समीक्षा लिहिली, ज्योतिर्गणितावर पुस्तक लिहिलं. पण मराठी माणूस त्यांना ओळखतो ते 'सुदाम्याचे पोहे'मुळे. १९१० साली त्यांच्या विनोदी लेखांचं पुस्तक आलं, अठरा लेखांचं. पुढे लेख वाढत गेले आणि १९२३ मध्ये बत्तीस लेखांची 'साहित्य-बत्तिशी' झाली. त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या अशी तीन माणसं. आव मोठा, काम भलतंच, आणि शेवटी फजिती.

ते हसत होते कशावर? आपल्याच समाजातल्या जुन्या रूढींवर, भाबड्या समजुतींवर, पोकळ मोठेपणावर. सरळ रागावून सांगितलं असतं तर लोक चिडले असते. हसवत सांगितलं, म्हणून लोकांनी आपलंच तोंड आरशात बघून घेतलं. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानायचे. पुढे चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे अशी विनोदाची जी मोठी वाट मराठीत झाली, तिच्या तोंडाशी हे कोल्हटकर उभे आहेत. म्हणून तर त्यांना मराठीतल्या आधुनिक विनोदाचे जनक म्हणतात. १९२७ साली पुण्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही होते.

विचार करा, पुणे-मुंबईपासून इतक्या लांब, कापसाच्या आणि कोर्टकचेरीच्या गावात राहून या माणसानं अख्ख्या मराठीला छापील पानावर मोठ्यानं हसायला लावलं. आणि त्याच तालुक्यात शंभर वर्षांनी माझी आई म्हणते, हासनं काढून टाक. मला हे पटेना.

अंगात नक्की होतं काय?

बरं, आता थोडं शरीरशास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

हसणं म्हणजे मुळात श्वास. आपण बोलताना श्वास हळूहळू सोडतो. हसताना छातीचे स्नायू आणि पोट-छातीमधला पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, हे झटके देऊन हवा बाहेर ढकलतात. हा-हा-हा. एका 'हा'पासून दुसऱ्या 'हा'पर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोवाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हे मोजलं होतं. हवा संपत येते तरी हसू थांबत नाही, मग शरीर घाईनं श्वास ओढून घेतं. आईचा तो 'हीऽऽक' आवाज म्हणजे हाच. आणि श्वासाचा ताबा हसण्याकडे गेला, की बोलणं बंद. म्हणून तर जोक सांगणाऱ्यालाच हसू आलं की जोक अर्धाच राहतो.

'हसून हसून अंगातलं बळ गेलं' असं आपण म्हणतो ना? ते खरं आहे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लिहिलं, की खरंखुरं हसू येतं तेव्हा पायाच्या पोटरीतल्या स्नायूची एक प्रतिक्षिप्त क्रिया चक्क मंदावते. म्हणून हसताना आपण भिंतीला टेकतो, शेजारणीच्या खांद्यावर पडतो, खाली बसतो. मुरकुंडी उगाच वळत नाही.

मेंदूत हसण्याचे दोन रस्ते आहेत. एक मुद्दाम हसण्याचा, म्हणजे साहेबांनी जोक मारल्यावर आपण हसतो तो. तो आपल्या हातात असतो. दुसरा आतून येणाऱ्या हसण्याचा. तो मेंदूच्या जुन्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून येतो आणि त्याला ब्रेक लावणं अवघड. कॅकिनेशन दुसऱ्या रस्त्यानं येतं. आणि आपला कान हे दोन्ही बऱ्यापैकी ओळखतो. फोनवर समोरचा खोटं हसला की कळतं ना लगेच? तेच.

प्रोवाइन यांनी अजून एक केलं. दुकानात, रस्त्यावर, कॉलेजात लोक कधी हसतात, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवलं, सुमारे १२०० वेळा. निघालं काय? विनोदावर हसणं पाचातलं एकदेखील नाही. बाकी सगळं 'बरं येते मग', 'अगं तू इथं कशी?' असल्या साध्या वाक्यांवर. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट जास्त चौघांत असताना हसतो. म्हणजे हसण्याचं मूळ जोकमध्ये कमी आणि सोबतीत जास्त.

हे मला आमच्या शेतात रोज दिसतं. कापूस वेचायला बायका ओळीनं लागल्या की एका कोपऱ्यातून हसू सुरू होतं आणि ओळीच्या त्या टोकापर्यंत जातं. तिकडच्या बाईला माहीतही नसतं इकडे काय झालं. विचारलं तर म्हणते, "मले काय मालूम? ह्या हासल्या म्हनून मीबी हासली." बस. प्रोवाइनचं अख्खं संशोधन एका वाक्यात.

मुंबईत १३ मार्च १९९५ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे. थोड्या दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेल्यांवरून रुसवेफुगवे व्हायला लागले. मग त्यांनी विनोदच काढून टाकला. नुसतं एकमेकांकडे बघून मुद्दाम हसायचं, खरं हसू मागून येतंच. आज ही पद्धत जगभर पोचलीय आणि मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्य दिन म्हणून पाळतात.

पण प्रत्येक मोठं हसू आनंदाचं नसतं

हा भाग जरा शांतपणे ऐका, कारण इथं कुणाला तरी खरंच उपयोग होऊ शकतो.

१९६२ची गोष्ट. आफ्रिकेतला टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया. तिथल्या काशाशा गावातल्या मुलींच्या निवासी शाळेत ३० जानेवारीला तीन मुली हसायला लागल्या आणि थांबेनात. मग इतर मुली. १५९पैकी ९५ मुलींना हे झटके आले, मधे रडणंही यायचं. १८ मार्चला शाळा बंद करावी लागली, आणि मुली घरी गेल्या तशी ही लाट दुसऱ्या गावांत, शाळांतही गेली. तपासात विष नाही, जंतू नाही. अभ्यासक याला ताणातून, एकमेकांकडे बघून पसरणारा सामूहिक आजार मानतात. म्हणजे 'हसण्याची साथ' म्हणून ज्यावर लोक अजून गमतीनं बोलतात, ते त्या मुलींचं हसू नव्हतंच. दबलेल्या पोरींचं शरीर बोलत होतं.

तसंच एकट्या माणसाचं. आपल्या आसपास कुणी कारण नसताना एकदम हसतं, आवरत नाही, हसण्यामागे आनंद दिसत नाही, तर लोक पटकन म्हणतात 'येडं झालं' किंवा 'बाहेरचं काही तरी आहे'. थांबा. पक्षाघात, डोक्याला मार, मज्जासंस्थेचे काही आजार यांच्यानंतर मेंदूचा तो ब्रेक नादुरुस्त होतो आणि माणूस न वाटताही हसतो किंवा रडतो. त्याला आत हसायला येत नसतं, उलट लाज वाटत असते. लहान मुलांत क्वचित फिट्सचाच एक प्रकार असतो, ज्यात पोर काही सेकंद उगाच हसतं, बहुतेक वेळा एकसारखंच, आणि पुन्हा पुन्हा. काही मानसिक आजारांतही विनाकारण हसू दिसतं. खरं तर 'कॅकिनेशन' हा शब्द डॉक्टरांच्या जुन्या भाषेत या अर्थानंही येतो.

करायचं काय? एकदम सोपं. हाताशी फोन आहे ना? झटका येईल तेव्हा एक छोटा व्हिडिओ घ्या, किती वेळ चाललं ते लिहून ठेवा, आणि डॉक्टरांना दाखवा. मेंदूविकारतज्ज्ञाला त्या एका व्हिडिओतून खूप कळतं. आणि तो व्हिडिओ डॉक्टरांसाठीच. ग्रुपवर टाकायचा नाही. स्टेटसला तर नाहीच नाही. यातल्या काहींवर औषधं आहेत, उपचार आहेत. अंगारा-धुपाऱ्यात महिने घालवू नका.

आणि हो, अंत्यविधीला, तेराव्याला, भर परीक्षेत हसू फुटलं म्हणून स्वतःला वाईट माणूस समजू नका. ताण फार चढला की मनाचा तो वाफ सोडण्याचा मार्ग असू शकतो. मी स्वतः एकदा ऐन दुखवट्यात तोंडात ओढणी कोंबून मागच्या दारानं पळाले होते. बाहेर आल्यावर तेच हसू रडण्यात गेलं.

मग ठेवायचं की काढायचं?

आता परत आईकडे.

एडिट माझ्या हातात होतं, म्हणून न सांगता ठेवून दिलं असतं, तर ते चुकीचं झालं असतं. हसू तिचं आहे. तिनं 'काढ' म्हटलं तर काढायला पाहिजे. म्हणून मी एवढंच केलं. दुपारी शेतात गेले, बायका जेवायला झाडाखाली बसल्या होत्या. आईला विचारलं, "यांना ऐकवू का? मग तू सांग." आई म्हणाली, "ऐकव, पन मी पाहीन नाई तुह्याकडं."

फोन डब्याच्या झाकणावर ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. टोपीची गोष्ट आली. आईचं हसू सुरू झालं. आणि एकेक करत, डब्यात हात तसाच, त्या आठही जणी हसायला लागल्या. एकीला ठसका लागला. एक जण म्हणाली, "आमच्या घरी तं फोन आला का मामंजी चपला घालत!" झालं, पुन्हा सगळ्या आडव्या. आई सुरुवातीला पदर तोंडाशी धरून होती. मग कधी सोडला, ते तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी घरी येताना मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "राहू दे थे. मशिनीले काय कळते?"

तर मंडळी, मागच्या भागात अठराव्या मिनिटाला जे पाऊण मिनिट नुसतं हसू आहे, जे ऐकून काही जणांनी लिहिलं 'इथे ऑडिओ खराब आहे', तो ऑडिओ खराब नाही. ते माझ्या आईचं कॅकिनेशन आहे. लिखित रूपात मी कंसात 'अस्पष्ट आवाज' लिहिलेलं नाही. जुन्या सभांच्या वृत्तान्तात असायचं ना, तसं लिहिलंय : (हशा).

तुमचं आजचं काम. घरात जे कुणी मोठ्यानं हसतं, आई, आत्या, आजोबा, शेजारची काकू, त्यांचं हसू एकदा फोनवर जपून ठेवा. त्यांना विचारून. आणि ॲपमध्ये 'गोंगाट काढा'चं बटण दाबण्याआधी एकदा ऐकून घ्या, त्या गोंगाटात कोण आहे ते.

भेटू पुढच्या भागात. तोवर हसा, आवाज थोडा मोठा झाला तरी चालेल.